जागा नको, वेळ कळवा: नौवहन महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. नौवहन महासंचालक,
नौवहन महासंचालनालय, मुंबई.

महोदय,

सादर नमस्कार.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात चौतीस वर्षे काम करून निवृत्त झालो. माझा मुलगा परदेशी ध्वजाच्या एका तेलवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. जहाजाचा मार्ग आखणे आणि नकाशे अद्ययावत ठेवणे हे त्याच्याकडचे काम. आमच्या शहराला समुद्र नाही, पण बडोद्याच्या जुन्या घरांना तो अगदीच परका नाही. ओखामंडळ बडोदे संस्थानात होते, ओख्याचे बंदर संस्थानानेच उभे केले, आणि त्या निमित्ताने बोटींशी संबंध आलेली माणसे आमच्याच गल्लीत राहून गेली. आज त्याच गल्लीतली मुले मर्चंट नेव्हीत जातात, आणि त्यांच्यामागे आम्ही घरचे लोक फोनवर जहाजांचा नकाशा उघडून बसतो.

माझी मागणी लहान आहे. जहाजाकडून शेवटचा संदेश किती वाजता आला, एवढी एकच गोष्ट खलाशाच्या घरी कळण्याची सोय आपल्या कार्यालयाने करावी. जहाज कुठे आहे, हे मी विचारत नाही. तसे का, ते सांगण्यासाठी थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

१३ जून २०२५ रोजी इस्रायल आणि इराण यांच्यात युद्ध पेटले आणि पर्शियन आखातात व होर्मुझच्या सामुद्रधुनीत उपग्रहांवर चालणारे दिशादर्शन मोठ्या प्रमाणावर बिघडवले जाऊ लागले. माझ्या मुलाचे जहाज त्या दिवसांत आखातातून बाहेर पडत होते. आमच्याकडे रात्रीची जेवणे झाली की त्याची आई फोनवर नकाशा उघडते, जहाजाचा ठिपका पाण्यात दिसला की फोन ठेवते आणि मग ओटा आवरायला घेते. पाच वर्षांत यात खंड पडलेला नाही. १६ तारखेच्या रात्री तो ठिपका इराणच्या जमिनीवर, किनाऱ्यापासून बराच आत दिसत होता. तासाभराने तो तिथूनही नाहीसा झाला. मुलाचा शेवटचा निरोप नऊच्या सुमाराचा होता, त्यानंतर काही आले नाही. १७ तारखेला सकाळी बातम्यांत आले की खोर फक्कानसमोरच्या समुद्रात रात्री दोन तेलवाहू जहाजांची टक्कर होऊन आग लागली आहे. पहिल्या बातम्यांत जहाजांची नावे नव्हती.

नावे नंतर आली: ‘फ्रंट ईगल’ आणि ‘अ‍ॅडलिन’. त्यांत आमचे जहाज नव्हते, आणि ‘अ‍ॅडलिन’वरच्या २४ जणांना संयुक्त अरब अमिरातीच्या तटरक्षकांनी सुखरूप उतरवून घेतल्याचेही समजले. पण मधल्या काही तासांत त्याची आई देवासमोरून उठली नव्हती, आणि ‘आपले नाही’ हे कळल्यावर आलेल्या सुटकेची मला लगेचच लाज वाटली, कारण ती जहाजेही कोणाच्या तरी घरचीच होती. आमच्या जहाजाविषयी मात्र तेव्हाही काहीच कळले नव्हते. संध्याकाळी पाच वाजता मी मुलाला कामावर पाठवणाऱ्या मॅनिंग कंपनीच्या कार्यालयात फोन केला. फोन घेणारी व्यक्ती सौजन्याने बोलली, परंतु कुटुंबाला माहिती देण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे तिने सांगितले. १८ तारखेला सकाळी मुलाचा फोन आला. सामुद्रधुनी ओलांडेपर्यंत खलाशांचे इंटरनेट बंद ठेवले होते, एवढेच कारण होते.

त्या वेळी त्याने सांगितलेल्या दोन गोष्टींमुळे हे पत्र लिहावेसे वाटले. पहिली अशी की जहाजावर कोणालाही आपण कुठे आहोत याविषयी शंका नव्हती. “बाबा, रडारला उपग्रह लागत नाही,” तो म्हणाला. “डोंगर, दीपगृह, किनारा, सगळं रडारवर दिसत होतं. आम्ही दर काही मिनिटांनी त्यावरून जागा काढत होतो.” दुसरी गोष्ट अशी की १७ तारखेचा नून रिपोर्ट, म्हणजे जहाजाने रोज दुपारी बारा वाजता कंपनीला पाठवायचा अहवाल, नेहमीप्रमाणे गेला होता. मी पाच वाजता फोन केला तेव्हा जहाज सुखरूप असल्याचा पुरावा त्या कंपनीच्या संगणकावर काही तास आधीच येऊन पडला होता. एका वाक्याने आमची ती रात्र वाचली असती. ते वाक्य सांगण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

आपल्याला ठाऊक असलेल्याच काही गोष्टी आता मांडतो, कारण हे पत्र माझ्यासारखी इतर घरेही वाचतील. फोनवरचा तो ठिपका एआयएस या यंत्रणेतून येतो. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टन व त्याहून मोठ्या जहाजांना आणि सर्व प्रवासी जहाजांना सोलास या समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ती बसवावी लागते, आणि २००४ च्या अखेरीपर्यंत ती सर्वत्र लागू झाली. मुळात ती आपल्यासाठी नव्हतीच. धुक्यात आणि रात्री दोन जहाजांनी एकमेकांना ओळखावे व टक्कर टाळावी म्हणून ती आहे. जहाज आपल्या जीपीएस ग्राहकाकडून, म्हणजे उपग्रहांचे संकेत पकडणाऱ्या यंत्राकडून, मिळालेली जागा, वेग आणि दिशा व्हीएचएफ रेडिओवर चालताना दर दोन ते दहा सेकंदांनी बोलून दाखवते. किनाऱ्यावरच्या अँटेनाला ते तीस-चाळीस सागरी मैलांपर्यंत ऐकू येते. त्यापलीकडे ऐकण्याचे काम उपग्रह करतात, पण एआयएसच्या प्रत्येक वाहिनीवर मिनिटाचे २२५० तुकडे पाडून जहाजे आपापसांत ते वाटून घेतात, आणि ही वाटणी जवळपासच्या जहाजांपुरतीच असते. वरून हजारो किलोमीटरचा पट्टा एकदम ऐकणाऱ्या उपग्रहाच्या कानांवर अनेक गटांचे बोलणे एकाच वेळी पडते, म्हणून गर्दीच्या समुद्रात त्यातले बरेच हुकते. ठिपका दिसेनासा होण्याची अशी साधी कारणेही पुष्कळ असतात, हे मला निवृत्तीनंतर वाचून कळले. आमच्या शेजारच्या वहिनींना ते कोण सांगणार?

त्यात भर जीपीएसच्या दुबळेपणाची. ते उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत, आणि त्यांचा संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की नेहमीच्या रेडिओ गोंगाटाच्याही खाली दबलेला असतो. ग्राहक तो गणिताने शोधून काढतो. त्याच वारंवारितेवर कोणी जवळून थोडासा जोर लावला की तो बुडतो, याला जॅमिंग म्हणतात. खऱ्यासारखा दिसणारा खोटा संकेत पाठवून ग्राहकाला भलतीच जागा पटवणे, हे स्पूफिंग. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळच्या वीसएक जहाजांना आपण गेलेंजिकच्या विमानतळावर असल्याचे दिसत होते. मे २०२५ मध्ये जेद्दाजवळ ‘एमएससी अँटोनिया’ हे कंटेनर जहाज उथळ जागी रुतले, तेव्हाही जाणकारांनी जीपीएसमधल्या गडबडीकडेच बोट दाखवले. शिवाय धोक्याच्या पाण्यात कप्तानाने स्वतःहून एआयएस बंद ठेवणे नियमांत बसते, आणि लाल समुद्रात २०२३ च्या अखेरीपासून कित्येक कप्तानांनी ते केले. ते योग्यच होते. ज्या ठिपक्याकडे पाहून आई निर्धास्त होते, त्याच ठिपक्यावर क्षेपणास्त्र नेम धरू शकते.

माझ्या कामातले एक उदाहरण देतो. कारखान्यात टाकीतला दाब किंवा पातळी कंट्रोल रूमपर्यंत विजेच्या प्रवाहाने आणतात, आणि त्याचे प्रमाण ४ ते २० मिलिअँपियर असे ठरलेले आहे. नवीन मुलगा कामावर आला की पहिला प्रश्न विचारतो: शून्यापासून सुरुवात का नाही? उत्तर असे की टाकी खरोखरच रिकामी असेल तर ४ मिलिअँपियर यायला हवेत. ० आले, तर टाकी रिकामी नसून तार तुटली आहे. ‘काही नाही’ आणि ‘काही कळत नाही’ या दोन गोष्टी पॅनेलसमोर बसलेल्या माणसाला वेगळ्या दिसल्या नाहीत, तर तो चुकीचा व्हॉल्व्ह उघडेल, म्हणून ही तजवीज. त्याहून वाईट असते ती अडकलेली सुई. ट्रान्समीटर बिघडून एकाच आकड्यावर थांबला की पॅनेल छान दिसते आणि शिफ्ट बेसावध राहते. म्हणून आमच्या लॉगबुकमध्ये वेळ लिहिल्याशिवाय एकही नोंद धरली जात नसे.

जहाजाच्या ठिपक्याला यातले काहीच नाही. ठिपका गेला, तर एआयएस बंद केले की उपग्रहाचे ऐकणे हुकले की जहाजच गेले, हे त्यातून कळत नाही. ठिपका जमिनीवर गेला, तर तो खोटा असल्याचे निदान दिसते तरी. पण खोट्या संकेताने तो पाण्यातच दहा मैल सरकला, तर तेही दिसत नाही. आम्हाला ते ४ मिलिअँपियर हवे आहेत. तार जोडलेली आहे, एवढेच कळायला हवे.

आणि ते आपल्याकडे आहे. एलआरआयटी, म्हणजे लांब पल्ल्यावरून जहाजाची ओळख व माग ठेवणारी यंत्रणा, सोलासच्या दुरुस्तीने १ जानेवारी २००८ पासून अंमलात आली. आंतरराष्ट्रीय प्रवासातले ३०० टनांवरचे प्रत्येक मालवाहू जहाज तिच्यातून आपली ओळख, जागा, तारीख आणि वेळ दर सहा तासांनी आपल्या ध्वजाच्या देशाने नेमलेल्या केंद्राला कळवते. एआयएससारखे हे हवेत मोकळे सोडलेले बोलणे नाही. ते उपग्रहामार्फत थेट त्या केंद्राकडे जाते आणि हक्क असलेल्यांनाच पाहता येते. भारतीय ध्वजाच्या जहाजांसाठी असे राष्ट्रीय केंद्र आपल्याच अखत्यारीत चालते. किनाऱ्यापासून १००० सागरी मैलांच्या आत आलेल्या परदेशी जहाजांची माहिती मागवण्याचाही किनारी देशाला अधिकार आहे, आणि होर्मुझची सामुद्रधुनी कच्छच्या किनाऱ्यापासून त्याहून जवळ आहे. हा अधिकार सुरक्षेसाठी आहे, घरच्यांच्या समाधानासाठी नाही, याची मला जाणीव आहे, म्हणून त्यावर मी मागणी बेतलेली नाही.

येथे कोणी म्हणेल की एलआरआयटीतली जागासुद्धा उपग्रह-दिशादर्शनावरूनच येते, मग स्पूफिंगच्या प्रदेशात तीही खोटी असू शकते. अगदी खरे. म्हणूनच मी जागा मागत नाही. जागा खोटी निघाली तरी संदेश जहाजावरूनच निघालेला असतो; जहाज तरंगते आहे, वीज चालू आहे, अँटेना आकाशाकडे आहे, याशिवाय तो येणार नाही. अशा दिवसांत संदेशातल्या अक्षांश-रेखांशांपेक्षा केंद्राच्या घड्याळाने टिपलेली त्याच्या आगमनाची वेळ जास्त विश्वासाची ठरते. आणि ती वेळ उद्या कोणाच्या वाईट हातात पडली, तरी जहाज शोधायला तिचा उपयोग नाही. चाच्यांना किंवा शत्रूला ‘आज सकाळी ६ वाजता संदेश आला’ यातून काय मिळणार?

भारतीय ध्वजाच्या जहाजांबाबत हे आपल्याला स्वतःलाच करता येईल. प्रत्येक भारतीय खलाशाला आपण इंडोस क्रमांक दिलेला आहे, जहाजावर तो कधी चढला आणि कधी उतरला याची नोंद ठेवता, आणि जवळच्या नातेवाइकाचे नाव त्याच्या कराराच्या कागदांत असते. त्या नातेवाइकाने आपल्या संकेतस्थळावर इंडोस क्रमांक आणि फोनवर आलेला ओटीपी भरला की जहाजाचे नाव आणि शेवटच्या संदेशाची तारीख व वेळ दिसावी. आणखी काहीही दिसू नये.

परंतु माझ्या मुलासारखी बहुसंख्य मुले परदेशी ध्वजाच्या जहाजांवर आहेत, आणि जगातल्या खलाशांमध्ये भारतीयांचे प्रमाण सुमारे १२ टक्के असल्याचे सरकार अभिमानाने सांगते, तेव्हा त्यात मुख्यतः हीच मुले मोजलेली असतात. त्या जहाजांचे संदेश पनामा, लायबेरिया किंवा मार्शल बेटांच्या केंद्रांकडे जातात. तरी ही मुले जातात ती आपण परवाना दिलेल्या कंपन्यांमार्फतच. खलाशांच्या भरतीविषयीचे २०१६ चे नियम आपल्या हातात आहेत, आणि परवान्याच्या अटीही. माझी खरी मागणी इथे आहे. ज्या जहाजावर भारतीय खलाशी आहे, त्याचा नून रिपोर्ट किंवा अन्य कोणताही संदेश मिळाल्याची वेळ, नोंदवलेल्या नातेवाइकाने विचारल्यावर ठरावीक मुदतीत सांगणे परवानाधारक कंपनीवर बंधनकारक करावे. आणि जहाज जिथे आहे त्या प्रदेशाविषयी आपण स्वतः धोक्याची सूचना काढलेली असेल, तेव्हा कोणी विचारण्याची वाट न पाहता दिवसातून एकदा तरी ती वेळ घरी कळवावी. कंपनीकडे अहवाल रोज येतोच. एका ओळीचा एसएमएस पाठवण्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. फोन उचलणाऱ्या त्या सौजन्यशील व्यक्तीलाही ‘मला अधिकार नाही’ असे म्हणावे लागणार नाही, आणि मला वाटते, तिलाही ते म्हणताना बरे वाटले नसावे.

एक आक्षेप मला माझ्या मुलानेच घेतला. संदेशाला उशीर झाला तर घरचे घाबरतील. आज त्यांना कळत नाही, तेच बरे. यावर मी पुष्कळ विचार केला. बडोद्यात ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला महापूर आला तेव्हा तो समुद्रावर होता. काळा घोडा पुलाजवळची पातळी ३५ फुटांच्या वर गेली होती, आमची वीज गेलेली, फोन बंद पडत चाललेले. त्याने नंतर सांगितले की त्या दोन दिवसांत तो जहाजावरून काळा घोड्याचा आणि आजवा सरोवराचा आकडा पाहत होता, कारण तो आकडा वेळेसकट जाहीर होतो. आकडा चढत होता तोवर त्याला झोप लागली नाही. उतरायला लागल्यावर, आमचा फोन लागलेला नसतानाही, तो झोपला. आकड्याने तो घाबरला, हे खरे आहे. पण किती घाबरायचे आणि केव्हा थांबायचे, हेही त्याला आकड्यानेच सांगितले. आम्हा बडोदेकरांना पावसाळ्यात असे जगायची सवय आहे, आणि सहा तासांनी येणारा संदेश सातव्या तासाला आला नाही तर काय समजायचे, हे आम्हाला शिकवता येईल.

त्यासाठी साध्या भाषेत एक माहितीपत्रक हवे: ठिपका कशामुळे नाहीसा होतो, जमिनीवर का जातो, नून रिपोर्ट म्हणजे काय, रात्री कोणत्या क्रमांकावर विचारायचे. मच्छीमारांसाठी हे झाले आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला ज्या योजनेचा देशभर प्रारंभ झाला, तिच्यात एक लाख मासेमारी बोटींवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत, आणि बोटीवरून किनाऱ्याकडे व किनाऱ्यावरून बोटीकडे दोन्ही बाजूंनी संदेश जाऊ शकतो. छोट्या बोटीवरच्या माणसाच्या घरचा विचार ज्या शासनाने केला, ते दोन लाख टनांच्या जहाजावरच्या माणसाच्या घरचाही करील, असे मी धरून चालतो.

आपल्या स्वतःच्या ‘नाविक’ उपग्रहमालेविषयी थोडेच लिहितो. नोव्हेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने तिला जागतिक दिशादर्शन व्यवस्थेचा भाग म्हणून मान्यता दिली, आणि भारताभोवतीच्या सुमारे १५०० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी ती आखलेली आहे. ती वेगळ्या वारंवारितांवरही चालत असल्याने जीपीएसला एकच आधार मानणाऱ्या जहाजाला दुसरा आधार मिळू शकतो. पण तिच्यातल्या काही उपग्रहांची अणुघड्याळे बंद पडली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचला नाही. ती माला पुन्हा पूर्ण व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, तरी माझी मागणी तिच्यासाठी थांबवून ठेवू नये. वेळ कळवायला नवा उपग्रह लागत नाही.

माझा मुलगा सध्या रजेवर घरी आहे. हे पत्र त्याने वाचले आहे आणि तांत्रिक भाग तपासला आहे. माहितीपत्रकाचा मजकूर आपल्या कार्यालयाने इंग्रजीत किंवा हिंदीत दिला, तर तो मराठीत आणि गुजरातीत करून देण्याची माझी तयारी आहे. त्यासाठी कोणताही मोबदला नको. आमच्या भागातल्या आणखी चार घरांतली मुले जहाजांवर आहेत. त्या घरांतही हे पत्र वाचून दाखवले आहे, आणि त्यांनी आपली नावे याला जोडायला संमती दिली आहे. आपण भेटीची वेळ दिलीत, तर आम्ही सगळे मुंबईला येऊ. मुलाला पुढच्या जहाजाचे बोलावणे सहा आठवड्यांत येईल, असे कंपनीने कळवले आहे. त्याआधी उत्तर मिळाले, तर उपकार होतील.

आपला विश्वासू,
एका सेकंड ऑफिसरचा वडील
दांडिया बाजार, बडोदे